अकरा नंबरची बाटली

"काका, अकरा नंबर बाद झाली."

सोमवारी सकाळी पुण्याच्या प्रयोगशाळेतून निवेदिताचा फोन आला तेव्हा नबीलाल दुधाच्या कॅनला बूड जोडत होता. वेल्डिंगची टोपी कपाळावर सरकवून त्याने मोबाईल कानाला लावला.

"बाद म्हंजी? गळती हाय का?"

"गळती असती तर समजू शकले असते. कणभरसुद्धा गळती नाही. दोन वर्षं व्हॉल्व्ह बंद आहे आणि आत जे होतं ते तसंच्या तसं आहे. पण ती तुमच्या शेडमधली हवा नाही, काका. कार्बन डायॉक्साईड शंभरपट आहे, वर पाण्याची वाफ. कुणीतरी तोंडाने आत फुंकून व्हॉल्व्ह बंद केलाय."

नबीलालने हातमोजे काढले.

"बाकीच्या दहा बाटल्या आमच्याकडे आल्या की आम्ही तापवून, पंप लावून रिकाम्या करतो. म्हणून इतकी वर्षं कळलं नाही. ही जादाची, कपाटातच पडून होती. आता एक नंबरची मान वाकलीय म्हणून हिला बाहेर काढलं, तर हे. आणि तुम्हाला माहितीये ना, आमच्या मशीनला श्वासातला कार्बन डायॉक्साईड आणि आम्हाला हवा असलेला नायट्रस वायू यांतला फरक कळत नाही. दोघांचं वजन एकच. तुमच्याकडून अशी चूक होईल असं वाटलं नव्हतं हो."

"माझ्याकडूनच झाली असंल, ताई." मग त्याने विचारलं, "तुमी त्यातनं किती काढलं?"

"काय किती?"

"हवा. मशीनला किती दिली?"

"पाचवा हिस्सा असेल. का?"

"न्हाई, असंच इचारलं."

निवेदिताने पुढचं घाईघाईत सांगितलं. पुण्याच्या प्रयोगशाळेतलं सगळं सामान बांधून झालं होतं. बाटल्या आभाळात नेणारा बलून हैदराबादजवळून उडणार होता आणि तारीख पक्की होती. बाटली आजच पार्सलने निघेल, पंप नबीलालकडे आहेच, तर त्याने ती उघडून, तापवून स्वच्छ करायची. शुक्रवारी सकाळी ती वडिलांना भेटायला वाट वाकडी करून नगरला येणार होती, तेव्हा घेऊन जाईल.

"ती नसेल तर सगळ्यात वरचा नमुना मिळणार नाही, काका. आणि सगळी धडपड त्या एका नमुन्यासाठीच आहे."

"शुक्रवारी देतो," नबीलाल म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्याने आर्गनचा सिलिंडर बंद केला आणि स्टुलावर बसून राहिला. नागापूरला घरामागेच त्याची पत्र्याची शेड होती. एमआयडीसीतल्या कारखान्यात सव्वीस वर्षं वेल्डर म्हणून काढल्यावर त्याने ती टाकली, आणि पहिल्या दिवसापासून तिथे दोनच माणसं काम करत होती. तो आणि त्याची बायको रोशनबी. रोशनबीला जाऊन चौदा महिने झाले होते. बाटलीत फुंकणारं तिसरं कुणी तिथे कधी नव्हतंच.

फळीवर तिची वही होती. प्रत्येक बाटलीची एक ओळ आणि पुढे चार घरं. काम झालं की ती त्या घरात बरोबरची खूण करायची. वर मथळे होते ते उर्दूत. रोशनबी शहरातल्या उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, नबीलाल खर्डा गावच्या मराठी शाळेतला. त्याला उर्दू वाचता येत नव्हतं. तीन घरं कशाची ते त्याला अंदाजाने ठाऊक होतं. जोड, गळती, वाळवण. चौथं पॅकिंगचं असेल असं तो आजवर धरून चालला होता.

अकरा नंबरपुढे चारही खुणा होत्या.

त्याने वहीच्या पानाचा फोटो काढून मुलीला, मुबश्शिराला, श्रीरामपूरला पाठवला. मधल्या सुट्टीत तिचा फोन आला. ती तिथे शाळेत शिकवते.

"अब्बा, ही अम्मीची वही कशाला काढलीत?"

"चौथ्या घरात काय लिव्हलंय ते सांग."

"दम."

"काय?"

"दम, अब्बा. दुआ पढून फुंकतात ना, तो दम. माझ्या दहावीच्या पेनावर नव्हती का करत?"

पेनावर करायची. नव्या कुकरवर केला होता. नातीला दृष्ट लागली की तिच्या कपाळावर, जावयाच्या मोटारसायकलच्या हँडलवर, शेजारच्या कारभारीच्या धरलेल्या कंबरेवर. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही, आणि मग एक हलकी फुंकर. नबीलालने ते इतक्या वेळा पाहिलं होतं की पुढे पुढे त्याला ते दिसेनासंच झालं होतं. बाटलीच्या तोंडातून ती आत फुंकते आणि लगेच व्हॉल्व्ह बंद करते, हे मात्र त्याने कधी पाहिलं नव्हतं. ती बाटल्या बांधायला बसायची तेव्हा तो हातपाय धुवायला गेलेला असायचा.

या बाटल्यांचं काम सहा वर्षांपूर्वी सुरू झालं. निवेदिताचे वडील यज्ञेश्वर सर नगरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांच्या घरचा बंब नबीलालने एकदा जोडून दिला होता. त्या ओळखीवर सर मुलीला घेऊन शेडमध्ये आले. तिच्या हातात परदेशी बनावटीची स्टीलची बाटली होती, दोन लिटरची. ती कुठेतरी गळत होती. कुठे ते सापडत नव्हतं.

नबीलालने आत हवा दाबून भरून ती पाण्यात बुडवून पाहिली. बुडबुडा नाही. रोशनबी दारातून बघत होती.

"रिठं लावून बघते," ती म्हणाली.

रात्री भिजवलेल्या रिठ्यांचा तिने दाट फेस केला आणि नबीलालच्या जुन्या दाढीच्या ब्रशने बाटलीच्या मानेला लावला. मग जमिनीवर मांडी घालून, बाटली मांडीत घेऊन बघत बसली. सर घड्याळ पाहू लागले. नबीलाल म्हणाला, "अगं, पोरीला पुण्याला जायचंय." ती हलली नाही. वीस मिनिटांनी मानेपाशी मोहरीएवढा एक बुडबुडा आला.

"हितं," ती म्हणाली. "हितं रडतीय."

तेव्हापासून निवेदिताने बाटल्या नबीलालकडूनच करून घेतल्या. एकेक करत दहा झाल्या. रोशनबी त्यांना पोरी म्हणायची. बलून त्यांना आभाळात नेतो, तिथे त्या आपोआप उघडतात, हवा घेऊन मिटतात आणि छत्रीला लटकून खाली येतात, हे ऐकल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला होता, "पडल्यावर लागतं का गं त्यांना?"

ही हवा कशाला हवी ते निवेदिताने एकदा ओट्यावर बसून सांगितलं. रोशनबी सूप घेऊन बाजरी पाखडत होती.

"शेतात आपण युरिया टाकतो ना काकू, त्यातला थोडा मातीतले जंतू खातात आणि एक वायू सोडतात. नायट्रस ऑक्साईड. दवाखान्यात भूल द्यायला वापरतात तोच."

"मंग समदं रान झोपत कसं न्हाई?"

"फार थोडा असतो म्हणून. पण चिवट. पावसात धुऊन जात नाही. आपण श्वासाबरोबर आत घेतला तरी शरीर त्याला हात लावत नाही, तसाच बाहेर येतो. हळूहळू वर जातो. तीस-पस्तीस किलोमीटर वर पोचायला वर्षं लागतात. तिथलं ऊन इतकं कडक की शेवटी त्याला तोडतं. पण त्या वायूत काही कण हलके असतात आणि काही किंचित जड. हलके आधी तुटतात, जड मागे राहतात. जितकं वर जावं तितकी जडांची संख्या वाढत जाते. ते मोजलं की वायू वर किती काळ राहिला, ऊन त्यातला किती तोडतं, आणि मग आपण खालून किती भर घालतोय, याचा हिशोब लागतो."

रोशनबीने सूप एकदा वर उडवून झेललं. फोलपटं अंगणात गेली.

"म्हंजी ऊन पाखडतंय."

निवेदिता तिच्याकडे बघतच राहिली. "पाखडतंच, काकू. अगदी तसंच. मी हे माझ्या मुलांना शिकवताना सांगणार."

"सांग. माझं नाव नको घेऊ. लोक म्हनतील, म्हातारी सूप घेऊन आभाळात गेली." मग नबीलालकडे हनुवटी करून म्हणाली, "मंग आमच्यात हलकी मीच. ह्ये धूड बघ केवढं. ह्येच राहतंय मागं."

"पाखड गप," नबीलाल म्हणाला होता, आणि तिघंही हसले होते.

मंगळवारी दुपारी पार्सल आलं. नबीलालने खोकं फोडलं, बाटली काढली आणि शेडमध्ये नेण्याऐवजी स्वयंपाकघरात नेऊन मिठाच्या बरणीशेजारी ठेवली. त्या दिवशी तिला हात लावला नाही. बुधवारी सकाळी कॅनचं काम घेऊन बसला, पण दोन वेळा जोड फसला. असं त्याचं होत नसे.

चहाच्या वेळेला कारभारी आला. शेजारच्या गाळ्यात त्याचं लेथ होतं. पंधरा वर्षं तो दुपारचा चहा इथेच प्यायचा, आणि रोशनबी गेल्यावर तो स्वतः करून दोघांना ओतायचा.

"काय रं, आभाळातली बाटली मिठापाशी? लोनचं घालतो का काय?"

नबीलालने त्याला सगळं सांगितलं. कारभारीने कपबशी खाली ठेवली. डोक्यावरची टोपी काढली.

"म्हंजी वहिनी... ह्यात?"

"वहिनी न्हाई. एक फुंकर."

"तेच की रं." त्याने कमरेवर हात ठेवला. "माझ्या कमरंवर फुंकली हुती. चार वर्षं झाली, उभा हाय लेथला." मग एकदम म्हणाला, "न्हाई द्यायची. सांग फुटली म्हनून."

"स्टीलची बाटली फुटती व्हय?"

"मंग हरवली म्हन. कुत्र्यानं नेली म्हन."

"कुत्र्यानं!"

"अरं, नवी करू मंग. तोंड मी टर्न करून देतो, उद्या दुपारपोत्तर. तू अंग जोड. त्यांना बाटलीशी मतलब, अकरा काय न् बारा काय."

"अंग आज करीन मी. व्हॉल्व्ह कुठला आनायचा? परदेसातनं येतो, तीन महिनं लागत्यात. शिल्लक एकच हाय, तो हिच्या डोक्यावर. आन् तो काढायचा म्हंजी हिला उघडावीच लागती."

कारभारीने टोपी डोक्यावर घातली. जाताना दारातून मागे वळून म्हणाला, "तुझं तू बघ, नबी. मी असतो तर नसती उघडली."

तो गेल्यावर नबीलालने बाटली मांडीवर घेतली. मानेवरचा जोड त्याचाच होता, नाण्यावर नाणं ठेवावं तसा एकसारखा. तो जोड चांगला झाला म्हणून रोशनबीने त्या दिवशी शिरखुर्मा केला होता, ईद नसताना. त्या जोडानेच धरून ठेवलं होतं हे इतके दिवस. दुसऱ्या कुणी जोडली असती तर कधीच निघून गेलं असतं.

संध्याकाळी निवेदिताचा फोन. "काका, तापवायला घेतली ना? चोवीस तास तरी पंपावर राहायला हवी."

"उद्या सकाळी लावतो."

"नक्की ना? मी वरची जागा रिकामी ठेवून बसलेय."

"व्हय."

पण ते त्याने नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं होतं. भाकरी खाताना तो त्या बाटलीकडे बघत होता आणि मनात कारभारीसारखी कारणं एकेक करून लावून बघत होता. वीज गेली. पंप बिघडला. पंप बिघडू शकतो. निवेदिताने त्यावर विश्वास ठेवला असता. एक नमुना कमी झाला असता, दुसरं काय.

मग त्याला आठवलं की अकरा नंबर झाली तेव्हा रोशनबी नाराज होती.

"धा जनी जायच्या आन् ही एकटीच कपाटात बसायची?" ती म्हणाली होती.

"जादाची हाय ती. लागली तर घेत्यात."

"जादाची म्हंजी काय? पोटची न्हाई का?"

नंतर बलून उडाल्याचं कळलं की तिचा पहिला प्रश्न तोच असायचा. अकरा नंबर गेली का? तो नाही म्हणायचा. ती जीभ टाळूला लावून आवाज काढायची आणि कामाला लागायची. शेवटी दवाखान्यात, डायलिसिस लावलेलं असताना, पायाशी बसलेल्या नबीलालला तिने विचारलं होतं, "आवं, ती गेली का?" त्याला वाटलं होतं नर्सबद्दल विचारतेय. तो म्हणाला होता, "आत्ताच गेली, येईल परत." रोशनबीचा चेहरा किती खुलला होता. तिला बरं वाटतंय म्हणून त्यालाही बरं वाटलं होतं.

आता स्वयंपाकघरात बसून त्याला कळलं की ती नर्सबद्दल विचारत नव्हती.

गुरुवारी सकाळी उन्हं शेडमध्ये आल्यावर तो बाटली घेऊन गेला. पंप, तापवायची पट्टी, नळी, सगळं मांडून ठेवलं. हात साबणाने धुतले. नळी जोडण्याआधी पंपाकडे बघून थोडा थांबला. पंपाचं मागचं तोंड, जिथून काढलेली हवा बाहेर पडते ते, नेहमी भिंतीकडे असायचं. त्याने पंप फिरवला आणि ते तोंड दाराकडे केलं. बाहेर अंगण होतं, कडुनिंब होता, वर मोकळं होतं.

मग त्याने व्हॉल्व्ह पाव आटा फिरवून उघडला.

काहीच बाहेर आलं नाही. निवेदिताने पाचवा हिस्सा काढून घेतला होता, त्यामुळे बाटलीच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होता. उघडल्यावर बाहेरची हवाच आत जाणार हे त्याच्या हातांना ठाऊक होतं, डोक्याला तेवढं सुचलं नव्हतं. बारीकसा आवाज झाला, कुणी दचकून श्वास आत घ्यावा तसा, आणि थांबला. त्याचा चेहरा तोंडाच्या अगदी जवळ होता. जे आत गेलं त्यात त्याचाही श्वास असणार.

"घे," तो म्हणाला.

थोडा वेळ त्याने बाटली तशीच धरून ठेवली. मग नळी जोडली आणि पंप सुरू केला. कारभारीचं लेथ चालू होतं. पंपाचा आवाज ऐकून ते बंद पडलं. कारभारी कुंपणापाशी आला आणि पंपाच्या तोंडासमोर उभा होता तो तेवढा बाजूला सरकला. वाट दिल्यासारखा.

शुक्रवारी साडेनऊला निवेदिताची गाडी आली. तोवर बाटली तापून, गार होऊन, व्हॉल्व्ह बंद करून तयार होती. आत दाबाने आर्गन भरून, रात्री भिजवलेल्या रिठ्यांचा फेस करून नबीलालने सगळे जोड स्वतः तपासले होते. रोशनबीसारखं मांडी घालून तो वीस मिनिटं बसला होता. गुडघे आखडले, पण कुठे बुडबुडा आला नाही. नंतर आर्गन पुन्हा पंपाने काढून, बाटली धुऊन, पुसून ओट्यावर उन्हात ठेवली होती.

निवेदिता ओट्यावर बसली. बाटलीशेजारची उघडी वही तिने सहज जवळ ओढली. ओळी बघितल्या, खुणा बघितल्या.

"ही काकूंची ना? हे चौथं कशाचं?"

"दम. दुआ पढून फुंकायचं."

ती वहीवरून बोट फिरवता फिरवता थांबली. दहा ओळी, दहा खुणा. अकरावी.

"काका," ती म्हणाली, "सोमवारी मी तुम्हाला चूक म्हणाले."

"चूकच हुती की ताई. तुमच्या मशीनला काय कळनार, दुआ कोनती न् वायू कोनता."

"तुम्ही मला सांगायचं होतंत."

"सांगून काय केलं असतं?"

"नसती नेली. एक नमुना कमी."

"तेच तिला चाललं नसतं," नबीलाल म्हणाला. "शेवटपोत्तर इचारत हुती, ही कवा जायाची म्हनून."

निवेदिताने वही हलकेच मिटली. "दहाही बाटल्या दर वेळी सापडल्या, काका. एक उसात पडली, एक तळ्याच्या काठाला. पण सापडल्या सगळ्या." मग बाटली त्याच्यापुढे सरकवून म्हणाली, "आत फुंकू नका. बाहेरून चालेल. बाहेरून काही बिघडत नाही."

नबीलालने बाटली दोन्ही हातांत घेतली. तोंडापाशी आणली. त्याला कुराणातल्या सूरा येत होत्या, लहानपणी खर्ड्याच्या मशिदीत पाठ केलेल्या. त्यातली कोणतीही पढता आली असती. पण रोशनबी कोणती पढायची? गुरुवारी रात्री त्याने मुबश्शिराला फोन करून विचारलं होतं. "अम्मी मनातच पढायची, अब्बा," ती म्हणाली होती. "आवाज कधी आलाच नाही. तुम्ही तर शेजारीच असायचात." चाळीस वर्षं तो ते हलणारे ओठ बघत होता. विचारावं असं त्याला एकदाही वाटलं नव्हतं.

त्याने बाटली फडक्यात गुंडाळली, खोक्यात बसवली, चारी बाजूंना भुसा दाबला.

"मला यायची न्हाई ती दुआ," तो म्हणाला. "जाऊ द्या तशीच."

गाडी मनमाड रस्त्याला लागेपर्यंत तो फाटकात उभा होता. कारभारी आत चहा ओतत होता. मग नबीलालने वही उघडली आणि अकरा नंबरची नवी ओळ घातली, कारण काम दुसऱ्यांदा झालं होतं. जोडाची खूण केली, गळतीची केली, वाळवणाची केली.

दम करायचा राहिला आहे.